पहिली तलवार घेताना

दरवर्षी शिवजयंती झाली की पंधरा दिवसांच्या आत आमच्या मैदानावर पाच-सात नवी मुलं-मुली येतात. मिरवणुकीत मर्दानी खेळ बघितलेले असतात, हात शिवशिवत असतात. लाठी हातात घेऊन आठवडा होत नाही तोच प्रश्न येतो, "ताई, तलवार कुठे मिळेल? फार महाग नको." प्रत्येकाला मैदानावर उभं राहून सगळं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून हे नीट लिहून काढलं आहे. पुण्यात राहणाऱ्या, खिशात बेताचे पैसे असलेल्या आणि खरोखर सराव करायचा आहे अशा माणसासाठी.

माझी पहिली तलवार मी एका जत्रेतल्या दुकानातून घेतली होती. आरशासारखं चकचकीत पातं, पितळी मुलाम्याची मूठ, लाल मखमलीचं म्यान. १,८०० रुपये दिले. तिसऱ्या आठवड्यात पहाटेच्या सरावाला डोक्यावरून फिरवून तिरका वार खाली आणला आणि मूठ हातात एकदम हलकी झाली. पातं सुटून गेलं होतं. दहा-बारा पावलांवर एक मुलगी उकिडवी बसून बुटाची नाडी बांधत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर ते मातीत रुतलं. तिला काही झालं नाही, पण पुढचे दोन दिवस माझा हात थरथरत होता. नंतर मुठीत डोकावून पाहिलं. आत करंगळीपेक्षा बारीक सळई, पात्याला वेल्डिंगने चिकटवलेली आणि नेमकी तिथेच तुटलेली. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग ताजा, राखाडी चमकणारा होता आणि उरलेला अर्धा तांबूस गंजलेला. म्हणजे मी पैसे मोजले तेव्हाच ती जोड अर्धी तुटलेली होती.

त्या दिवसापासून तलवार हातात आली की मी पातं नंतर बघते, जोड आधी. या लेखातल्या बाकी सूचना विसरलात तरी चालेल, ही एक विसरू नका.

आधी कायदा समजून घ्या

१९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम तलवार, खंजीर, भाला यांना हत्यारच मानतात. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी नसलेलं, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार त्या यादीत बसतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात. ते लागू असताना तलवारी, भाले, अगदी लाठ्यासुद्धा सार्वजनिक जागी बाळगता येत नाहीत. पुण्यात सणावाराच्या, मोर्चांच्या आणि निवडणुकांच्या दिवसांत असे आदेश निघतातच. मोडले तर कलम १३५ खाली गुन्हा दाखल होतो.

आणि हे फक्त कागदावर नाही. २०२२ साली पिंपरी-चिंचवडमध्ये पोलिसांनी कुरिअरने आलेल्या नव्वदहून अधिक तलवारी जप्त केल्या होत्या. वाढदिवसाला तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणारी पोरं पोलीस ठाण्यात जाऊन बसल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यामुळे आमच्या शिकाऊंना माझे काही नियम आहेत. पहिली तलवार बोथट. ती आखाड्याच्या किंवा वस्तादांच्या माहितीतून घ्यायची. विक्रेत्याकडे परवान्याची चौकशी करायची आणि पक्कं बिल घ्यायचं, कारण हत्यारं बनवण्या-विकण्यालाही परवान्याच्या अटी आहेत. आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाऊन आधी विचारायचं, लपवाछपवी नको. मिरवणुकीत खेळ करायचा असेल तर परवानगी मंडळ किंवा आखाडा काढतो, तुम्ही एकट्याने तलवार घेऊन रस्त्यावर उतरायचं नाही. बोथट असली तरी रस्त्यावरच्या पोलिसाला ती तलवारच दिसते, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मैदानावर नेताना बंद पिशवीत, चेन लावून. रिक्षात पुढच्या सीटला टेकवून उघडी न्यायची नाही. फोटो आणि रील काढायचे नाहीत. या शेवटच्या गोष्टीवर मुलं नाराज होतात, पण मी यात सूट देत नाही.

लाठीचे सहा महिने

"तलवार शिकायची आहे तर लाठी कशाला?" असं विचारणाऱ्याला मी फरीगदग्याची गोष्ट सांगते. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामडं चढवलेली छडी. आपल्याकडे तलवारीचे हात, म्हणजे ती फिरवायच्या ठरलेल्या चाली, याच जोडीवर बसवले जात. घोडेस्वाराला भाला शिकवायचा तर हातात बोथाटी देत, टोकाला गोळा बांधलेली, लागली तरी भोसकणार नाही अशी. ज्यांचा जीव खरंच हत्यारावर अवलंबून होता ते लोकसुद्धा नवशिक्याच्या हाती धार देत नव्हते.

पुण्याला या शिकवणीची मोठी परंपरा आहे. लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम गंज पेठेत होती. जोतीराव फुल्यांनी दांडपट्टा त्यांच्याकडेच शिकला. लहुजींची समाधी संगमवाडीला आहे. आमची नवी तुकडी सुरू झाली की एका रविवारी आम्ही सगळे तिथे जातो, पाया पडतो आणि मगच पुढच्या हाताला सुरुवात करतो.

लाठीवर सहा महिने काढले की तुमचं तुम्हालाच तीन गोष्टी कळतात. मनगट किती वेळ टिकतं, पाऊल आणि हात एकत्र पडतात का, आणि हा नाद टिकणारा आहे का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दहांतले पाच-सहा जण सहा महिन्यांत येणं बंद करतात. त्यांचे तलवारीचे पैसे वाचले, हेही चांगलंच.

कोणती तलवार?

तुमचे वस्ताद जी शिकवतात ती. इथे स्वतःची आवड बाजूला ठेवा. सरळ पात्याची धोप फोटोत रुबाबदार दिसते, पण ती लांब असते, आणि वाकड्या पात्याच्या तलवारीवर बसवलेले हात तिच्यावर जसेच्या तसे बसत नाहीत. सतराव्या शतकात युरोपातून आलेली सरळ पाती आपल्या लोकांनी इथल्या मुठींत बसवली, त्यांना फिरंग म्हणत. ती घोड्यावरून लांबचा वार करायला छान. पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा छोट्या मैदानात तुम्हाला ती अडचणीची होईल.

साधारण सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या माणसाने २८ ते ३० इंच पात्याची, थोड्या बाकाची तलवार घ्यावी. उंच माणसाला ३२ इंचांपर्यंत चालते.

दांडपट्टा पहिलं हत्यार म्हणून घेऊ नका. २०२४ साली महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला तेव्हापासून विचारणा वाढली आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण पट्ट्याच्या खोबणीत हात कोपराजवळपर्यंत जातो, मनगट अडकतं, सगळी चाल खांद्यातून आणि कमरेतून काढावी लागते. चुकला की थांबवता येत नाही. वर्ष-दीड वर्ष तलवार झाल्यावर वस्ताद स्वतः हातात देतील तेव्हा घ्या.

वजनाबद्दलचा मोठा गैरसमज

"महाराजांच्या काळच्या तलवारी वीस-वीस किलोच्या होत्या, आता तेवढी ताकद राहिली नाही," असं सांगणारं कोणीतरी प्रत्येक घरात असतं. जेजुरीला दसऱ्याला जो खंडा उचलतात तो ४० किलोंहून जास्त वजनाचा आहे, हे खरं. तो पेलणं ही देवाची सेवा आणि ताकदीची कसरत आहे. लढायची तलवार तेवढी जड कधीच नव्हती. दिवसभर घोड्यावर बसून फिरवायचं हत्यार ९०० ग्रॅम ते सव्वा किलोच्या आसपासच असतं. खेळातल्या तलवारबाजीची साबर नावाची तलवार तर ५०० ग्रॅमच्या आतच असावी लागते.

म्हणून दुकानात "बघा, किती वजनदार आहे" असं कोणी कौतुकाने म्हणालं की तिथेच सावध व्हा. दोन किलोची तलवार म्हणजे मजबूत तलवार नव्हे. ती सारख्या जाडीच्या लोखंडी पट्टीतून कापलेली असते, एवढंच.

खरं पातं मुठीपासून टोकाकडे पातळ होत जातं. मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर, टोकाजवळ दोन-तीन. हे नजरेला कळत नाही, बोटांना कळतं. डोळे मिटून पात्याची पाठ अंगठा आणि तर्जनीत धरा आणि मुठीपासून टोकापर्यंत सावकाश बोटं सरकवा. बोटं हळूहळू जवळ यायला हवीत. शेवटपर्यंत तितकीच लांब राहिली तर ती पट्टी आहे. जाडी मोजायचं व्हर्निअर कॅलिपर असेल तर सोबत न्या, दुकानदाराला राग आला तरी येऊ द्या.

तोल बघायची पद्धत सोपी आहे. तलवार आडवी करून पातं एका बोटावर ठेवा आणि बोट पुढेमागे सरकवा. जिथे ती स्थिर राहते ती जागा मुठीच्या आडणीपासून, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या दांडीपासून, चार ते सहा इंचांवर असावी. आठ-नऊ इंचांवर गेली तर पाचव्या मिनिटाला मनगट दुखेल, दुसऱ्या महिन्यात कोपर. मग तुम्ही दोष स्वतःच्या ताकदीला द्याल.

जोड

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण याच जागी पैसे घालायचे असतात आणि याच जागी दुकानदार वाचवतात.

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. परदेशी तलवारींबद्दल माहिती वाचून मुलं येतात आणि म्हणतात, शेपूट मुठीच्या पार टोकापर्यंत गेलेलं पाहिजे, मागे रिव्हेट पाहिजे. त्या तलवारींसाठी ते बरोबर आहे. आपल्या लोखंडी मुठीच्या तलवारीची रीत वेगळी. इथे शेपूट आखूड पण रुंद असतं. मुठीच्या पोकळीत लाख-राळ तापवून भरतात, तापवलेलं शेपूट त्यात खुपसतात, गार झालं की ते जाम होतं. शेकडो वर्षं तलवारी अशाच बसवल्या गेल्या आणि लढल्या. धोपेच्या मुठीला पात्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढणाऱ्या लोखंडी पट्ट्या असतात, त्या पात्याला रिव्हेटने पक्क्या करतात. तेव्हा आखूड शेपूट म्हणजे फसवणूक असं समजू नका. बारीक शेपूट म्हणजे फसवणूक. पात्याच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी रुंदीचं शेपूट असेल, किंवा वेगळी सळई वेल्डिंगने जोडलेली असेल, तर ती तलवार भिंतीवर टांगायची आहे.

पण मूठ बंद असते, आतलं कसं बघणार? विचारायचं. "शेपूट पात्याच्याच लोखंडातलं आहे का? किती लांब, किती रुंद? लाखेत बसवलंय की एपॉक्सी गोंदात?" बनवणाऱ्याशी ज्याचा संबंध आहे तो न अडखळता सांगेल, मूठ बसवण्याआधीचा फोटोही दाखवेल. "एकदम मजबूत आहे, काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं तर पुढे निघा.

मग हाताने तपासा. मूठ सैल धरून दुसऱ्या हाताच्या तळव्याने मुठीवर थाप मारा. खुळखुळ आवाज नको. पात्याचं टोक कोणाला तरी फडक्यात धरायला सांगा आणि मूठ हलकेच डावीउजवीकडे पिळा. अंगठ्याचं नख पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर ठेवलेलं असू द्या, केसभर हाललं तरी नखाला कळतं. डोळ्याला दिसणार नाही अशी हालचाल नखाने मी कितीतरी वेळा पकडली आहे. शेवटी सांध्याभोवतीचं पॉलिश बघा. तिथे वेल्डिंगचा फुगवटा घासून सपाट केल्याची निळसर-तपकिरी झाक दिसली तर परत ठेवा.

पाणी दिलंय का?

लोखंडाचं नाव विचारा, पण नावावर थांबू नका. स्टेनलेस चकाकतं, गंजत नाही आणि म्हणूनच शोभेच्या तलवारींत वापरतात. एवढ्या लांबीच्या पात्यात वाराचा धक्का सोसायला ते चांगलं नाही. सोबत छोटं चुंबक ठेवा. ते पात्याला चिकटलंच नाही तर ते भांड्याचं स्टेनलेस आहे, त्याला पाणी चढतच नाही, म्हणजे तापवून-विझवून ते कडक होत नाही.

तुम्हाला हवं आहे ते मध्यम कार्बनचं किंवा स्प्रिंगचं पोलाद. आपल्याकडे ईएन ९, ईएन ४५ अशी नावं ऐकू येतील, परदेशी नावांत १०६० किंवा ५१६०. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद याच घराण्यातलं. त्यातून चांगली पाती होतात, पण जुना पाटा असेल तर त्यात आधीच बारीक चिरा असू शकतात, तेव्हा नव्या पोलादाचं आहे ना हे विचारा.

आणि पोलाद कितीही चांगलं असलं तरी त्याला नीट पाणी दिलेलं नसेल तर उपयोग शून्य. तापवून विझवणं आणि मग पुन्हा हलकं तापवून चिवटपणा आणणं, ही दोन्ही कामं झालेली पाहिजेत. पहिलं झालं आणि दुसरं राहिलं तर पातं काचेसारखं तुटतं. दोन्ही झाली नसतील तर ते तारेसारखं वाकतं. तपासायचं असं: चष्मा लावा, टोक लाकडी फळीवर टेकवा आणि हलक्या दाबाने दोन-तीन इंच बाक द्या, जास्त नको. सोडल्यावर पातं जसंच्या तसं सरळ आलं पाहिजे. मग एक डोळा मिटून मुठीकडून पाठीच्या रेषेवर नजर लावा, सुतार फळी बघतो तशी. वाकलेलं राहिलं असेल तर लगेच दिसेल. विक्रेत्याची परवानगी असेल तर मुठीजवळ पाठीवर कानस एकदा फिरवा. लोण्यात रुतावी तशी रुतली तर पाणी नाही. पाणी दिलेल्या पात्यावर ती घसरते, जेमतेम ओरखडा उठतो.

मूठ तुमच्या हाताची आहे का?

हे बायकांना आणि मोठ्या हाताच्या पुरुषांना विशेष सांगायचं आहे, कारण दोघांचीही अडचण होते. आपल्या तलवारीची मूठ आखूड असते आणि शेवटी चपटी कटोरी. पहिल्यांदा धरणाऱ्याला वाटतं, मूठ लहान पडली. ती कटोरी मनगटाला टेकतेही. ते तसंच असायला हवं, त्यामुळे पकड घट्ट राहते आणि वार खेचून घेतला जातो. पण चार बोटं एकमेकांवर चढत असतील तर मूठ खरंच लहान आहे. बोटांपुढे दोन बोटांची जागा उरत असेल तर ती मोठी, आणि हात आत सरकून फोड येईल.

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा नुसत्या मुठी बघण्यासाठी जा. पाती बघू नका. हाताचं माप, परजेचा म्हणजे बोटांवरून येणाऱ्या कमानीचा बाक, आतली गादी, नक्षी कुठे आहे आणि कुठे मुद्दाम नाही, हे बघा. जिथे तळहात दाबला जातो तिथे जुन्या कारागिरांनी उठावाची नक्षी क्वचितच केली आहे. स्वस्त नकलांमध्ये नेमकं तिथेच टोकदार फुलं-पानं ओतलेली असतात. तसली मूठ पंधरा मिनिटांत हात सोलते.

बोथट तलवारीची धारेची बाजू दीड-दोन मिलिमीटर जाड आणि गोलसर हवी, टोकही गोल. "धार लावलेली नाही" आणि "बोथट आहे" यांत फरक आहे. धार न लावलेलं पातळ पातंसुद्धा वेगाने लागलं तर कातडी फाडतं.

पैशांचं गणित

समजा तुमच्याकडे ६,००० रुपये आहेत. ते सगळे तलवारीत घालू नका. गेल्या वर्षी आमच्या तुकडीने आखाड्याच्या नावाने पाच बोथट तलवारी एकदम मागवल्या, प्रत्येकीला ३,२०० रुपये पडले. एकेकट्याने घेतल्या असत्या तर नक्कीच जास्त लागले असते. मखमली म्यान नको सांगितलं, मुलामा नको सांगितला, पॉलिशही अर्धवट चालेल म्हटलं, आणि ते पैसे शेपटात आणि पात्याला पाणी देण्यात घालायला लावले. कमी पैशांत चांगली तलवार मिळवायचा मला माहीत असलेला हाच एक मार्ग आहे.

उरलेल्या पैशांत चांगली लाठी, जाड हातमोजे, डोळ्यांना संरक्षक चष्मा, कापडी पिशवी आणि तेलाची बाटली. जोडीने सराव सुरू होईल तेव्हा जाळीचा मुखवटा लागेल, त्यासाठी वेगळी बचत आतापासून करा. तो नसताना समोरासमोर पोलादाने खेळायचं नाही, बोथट असलं तरी.

जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधी एखादं जुनं पातं दिसतं आणि मोह होतो. सरावासाठी ते घेऊ नका. आतली लाख वाळून भुगा झालेली असते, पात्यात कुठे चीर आहे ते कळत नाही. घरात आजोबा-पणजोबांची तलवार असेल तर तीही फिरवायला काढू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली तर तिच्यावरचं सगळं जुनेपण कायमचं जातं. तिला तेलाचा हात लावून, देवघरात किंवा कपाटात मानाने ठेवा.

घरी आणल्यावर

पुण्याचा पावसाळा तलवारीचा शत्रू आहे. जुलैत एका रात्रीत पात्यावर गंजाचे ठिपके येतात, आणि नीट बघितलंत तर ते बोटांच्या ठशांच्या आकाराचे असतात, कारण घामाचं मीठ तिथे राहिलेलं असतं. सराव संपला की कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज आलाच तर रॉकेलचा बोळा आणि बारीक पॉलिश पेपर, पात्याच्या लांबीच्या दिशेने, कधीही गोल गोल नाही.

चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नका, चामडं ओल धरतं. कपाटात सुती कापडात गुंडाळून, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या कप्प्यात, कुलपात. लाखेची मूठ असेल तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. एप्रिल-मेच्या दुपारी ती आतून मऊ पडते, आणि संध्याकाळच्या सरावाला पातं हलायला लागतं.

पहिला महिना एकट्याने, मोकळ्या जागेत, आजूबाजूला पंधरा फुटांत कोणी नाही हे बघून. रोज वीस मिनिटं पुरे. लाठीवर बसवलेले हात सावकाश तलवारीवर आणा. पोटावर केळं किंवा तळहातावर लिंबू ठेवून कापायचे प्रयोग तुम्ही मिरवणुकीत बघितलेले असतात. ते करणाऱ्यांच्या मागे अनेक वर्षांचा सराव आणि वस्तादांची नजर असते, तुम्ही ते घरी करून बघायचं नाही.

सरावाआधी रोज एकदा अंगठ्याचं नख सांध्यावर ठेवून मूठ पिळून बघा. हाललं तर त्या दिवशी लाठी.

खंडेनवमीला तलवारीची पूजा कराल तेव्हा हळद-कुंकू, पाणी आणि झेंडूची ओली फुलं पात्यावर रात्रभर राहू देऊ नका. हळद-कुंकवाची बोटं मुठीवर लावा, फुलं शेजारी ठेवा, आणि आरती झाल्यावर तासाभरात पातं पुसून तेल लावून ठेवा. दसऱ्याच्या दिवशी सकाळी ती हातात घ्याल तेव्हा पातं स्वच्छ असेल.